दगडावरचे ओरखडे

चंद्रपूरचे ऊन किती प्रखर असते, हे विदर्भातील मुलांना सांगावयास नको. त्या भूमीवर एके काळी बर्फाचे जाड थर पसरले होते, असे कोणी म्हटले तर ते खरे वाटेल काय?

इ. स. १८५१ मध्ये कलकत्त्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे काम सुरू झाले. त्याचे प्रमुख होते थॉमस ओल्डहॅम. सरकारला हवा होता कोळसा. त्याच्या शोधात खात्याची माणसे रानोमाळ हिंडत, खडक पाहत आणि टिपणे करीत. परंतु ती टिपणे कचेरीच्या दप्तरात पडून राहिली, तर ज्ञान वाढणार कसे? म्हणून १८५६ साली खात्याने ‘मेमॉयर्स’ या नावाने संशोधनपर लेख छापण्यास आरंभ केला.

पहिल्याच खंडात विल्यम व हेन्री हे ब्लँफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांचा एक लेख आला. ओडिशातील तालचेर येथे त्यांना बारीक गाळाच्या थरात मोठमोठे धोंडे रुतलेले आढळले होते. एवढे धोंडे वाहून नेणारा प्रवाह बारीक गाळ मागे कसा ठेवील? तेव्हा हे काम बर्फाचे असावे, असे त्यांनी सुचविले. उष्ण भारतात बर्फ! हा तर्क मोठा धाडसाचा होता. तरीही तो छापला गेला आणि इतरांना पारखण्यासाठी खुला झाला.

पुढे १८६८ साली लहान लेखांसाठी ‘रेकॉर्ड्‌स’ हे दुसरे नियतकालिक निघाले. त्यात १८७५ साली फ्रान्सिस फेडन यांचा लेख प्रसिद्ध झाला. चांद्याजवळ इरई येथे त्यांनी तशाच धोंड्यांच्या थराखालचा चुनखडक पाहिला होता. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर लांबच लांब, समांतर ओरखडे होते. सरकणाऱ्या बर्फात अडकलेले दगडच असे ओरखडे काढतात. तालचेरच्या तर्काला चांद्याच्या खडकाने साक्ष दिली!

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती व तेथे हिमनद्या वाहत होत्या, हे आज सर्वमान्य आहे.

एकाने पाहावे, प्रामाणिकपणे लिहावे. दुसऱ्याने ते वाचून पुन्हा पारखावे. शास्त्राची वाट अशीच पुढे जाते. तालचेरचे टिपण दप्तरातच राहिले असते, तर इरईच्या ओरखड्यांचा अर्थ लावणे किती कठीण झाले असते!

स्वाध्याय
१. धोंडे पाण्याने नव्हे, तर बर्फाने आणले असावेत, असे संशोधकांना का वाटले?
२. आपल्या गावाजवळील एखादा खडक नीट पाहून त्याचे पाच ओळींत वर्णन लिहा.