फिरत्या तबकडीचें छायाचित्र

छायाचित्र निश्चल असतें आणि गति तर काळांतच प्रकट होते. मग निश्चल चित्रांत गति दाखवावी कशी? ग्रामोफोनच्या फिरत्या तबकडीवरून या प्रश्नाचा उलगडा चांगला होतो.

इ. स. १८५१ मध्यें लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज शास्त्रज्ञानें वर्तमानपत्राचा छापील कागद वेगानें फिरणाऱ्या चाकावर लावला, आणि विजेच्या एका ठिणगीच्या उजेडांत त्याचें छायाचित्र घेतलें. अक्षरें वाचतां येतील इतकीं स्पष्ट उमटलीं. ठिणगी इतकी क्षणिक होती कीं, तेवढ्या अवधींत चाक जणूं हललेंच नाहीं. वेगावर जय मिळाला खरा. परंतु असें चित्र पाहून चाक फिरत होतें हें कोणास कळावें?

आतां थोडें गणित करूं. लाँग-प्ले तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात व एका सेकंदांत ती २०० अंश फिरते. कॅमेऱ्याचें शटर, म्हणजे झडप, १/१२५ सेकंद उघडी ठेवल्यास तबकडी १.६ अंश फिरेल. १/४ सेकंद ठेवल्यास ५० अंश. पहिल्या चित्रांत मधल्या कागदावरील मोठीं अक्षरें वाचतां येतील. दुसऱ्यांत तीं विरघळून रंगांचे कंस होतील.

येथें एक मौज ध्यानांत घ्यावी. तबकडीचा कांठ सेकंदास सुमारें ५२ सेंटीमीटर धांवतो, तरी तिच्या काळ्या भागांत गति जवळजवळ दिसतच नाहीं. कारण त्यावरील खांच जवळजवळ वर्तुळाकार असते. एक भाग सरकला कीं तसाच दुसरा त्याच्या जागीं येतो. खांचांवर चमकणारा प्रकाशाचा पट्टाही दिवा हलविल्यावांचून हलत नाहीं. म्हणून गतीची साक्ष द्यावयाची ती मधल्या कागदानेंच.

परंतु सर्वच अस्पष्ट झालें, तर पाहणारा म्हणेल कीं छायाचित्रकाराचा हात हलला. यास्तव चित्रांत कांहीं तरी अगदीं रेखीव असलें पाहिजे. तें स्थान सुईचें व तिच्या दांड्याचें. एक बाजू वाजून संपेपर्यंत सुई केवळ आठ-नऊ सेंटीमीटर आंत सरकते. पाव सेकंदांत ती स्थिरच समजावी. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा, भिंगाचा रोख सुईवर नेमका साधावा, आणि बोटाचा धक्का लागूं नये म्हणून आपोआप चित्र घेणारी कळ वापरावी.

झडप अधिक वेळ उघडी राहिली म्हणजे प्रकाशही अधिक शिरतो. १/१२५ सेकंदास छिद्राचा २.८ हा आंकडा योग्य असेल, तर १/४ सेकंदास १६ हा आंकडा लावावा. लहान छिद्रामुळें सुईच्या पुढील-मागील भागही रेखीव येतात, हा दुसरा लाभ. मोबाइल फोनमध्यें छिद्र बहुधा बदलतां येत नाहीं. तेथें खोलींतील उजेडच कमी करावा.

थांबलेली तबकडी दाखविणारें चित्र खरें कीं धूसर चित्र खरें? दोन्हीं खरींच. एकानें क्षणभर पाहिलें, दुसऱ्यानें थोडें थांबून पाहिलें. किती वेळ पाहावें आणि कोठें दृष्टि स्थिर ठेवावी, हें यंत्र ठरवीत नाहीं; तें आपणांसच ठरवावें लागतें, आणि हेंच शिकण्यासारखें आहे.

ज्यांच्या घरीं आजोबांची जुनी तबकडी व चालतें यंत्र असेल, त्या विद्यार्थ्यांनीं वडील माणसांच्या अनुमतीनें १/१२५, १/१५ व १/४ सेकंदाचीं तीन चित्रें घेऊन शेजारीं शेजारीं ठेवावींत. तत्पूर्वीं एक उदाहरण सोडवावें: मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी पाव सेकंदांत किती अंश फिरेल? उत्तर ११७ आलें, तर गणित समजलें असें जाणावें.