हायब्रीड ज्वारीचं गुपित : पराग नसलेलं फूल

दसऱ्याला दादर स्टेशनबाहेरच्या फूल मार्केटमधून होस्टेलसाठी झेंडू आणतोच ना आपण? यंदा त्यातलं एक फूल उलगडून पाहा. ते एक फूल नसून दाटीने बसलेल्या अनेक छोट्या फुलांचा गुच्छ आहे. कडेच्या पाकळीसारख्या फुलांत पुंकेसर नसतात. ते मधल्या नळीसारख्या फुलांत असतात. भरगच्च गोंड्यात मधली बरीच फुलंही पाकळीसारखी झालेली असतात. शोभा वाढते, पराग घटतो.

काही झेंडूंत तर पराग बनतच नाही. यालाच नरवंध्यत्व म्हणतात. स्त्रीकेसर मात्र ठणठणीत असतो. दुसऱ्या झाडाचा पराग मिळाला की बी धरते, आणि ते बी हमखास संकरित!

हा दोष कामाचा कसा?

ज्वारीचं उदाहरण घेऊ. एका कणसात हजारो बारीक फुलं. संकरासाठी प्रत्येकातले पुंकेसर चिमट्याने काढत बसलो तर शेतभर बियाणं कधी होणार? १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी वाट दाखवली. 'मायलो' ज्वारीच्या पेशीद्रव्यात 'काफिर' ज्वारीचं केंद्रक आणलं, की पराग तयार होत नाही. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात. त्यांचं आणि परक्या केंद्रकाचं जुळत नाही.

झेंडूत आपल्याला फूल हवं, ज्वारीत दाणा. म्हणून इथे तीन वाण लागतात :

ए : पराग नसलेली मादी.
बी : केंद्रक तेच, पण पराग देणारा, 'ए'चं बी टिकवण्यासाठी.
आर : परागशक्ती परत आणणारा नर.

ए आणि आर यांच्या संकराचं बी शेतकरी पेरतो आणि कणीस दाण्यांनी भरतं. भारताची पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१ याच पद्धतीने १९६४ साली आली. महाराष्ट्रात तर खरीप ज्वारीचं नावच 'हायब्रीड' पडलं.

किंमत काय?

पुढच्या पिढीत गुण विखुरतात, त्यामुळे बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. दुसरा धोका मोठा. १९७० साली अमेरिकेतल्या बहुतेक संकरित मक्यात एकच 'टी' पेशीद्रव्य होतं. त्याच्या मायटोकॉन्ड्रियातलं जे जनुक पराग अडवत होतं, त्याच्यामुळेच झाड करपा बुरशीच्या विषाला बळी पडलं. देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. आपल्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर!

तेव्हा नवा वाण किती पिकतो हे विचारताना, त्याचे मायटोकॉन्ड्रिया कुणाकडून आले हेही विचारायला हवं.