माऊ नक्की कोणाची?

आईबाबांनो, सध्या तुमच्याही घरात ही वाटाघाट चालू असेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजरीला पिल्लं झाली आहेत. त्यातलं एक पिवळं-पांढरं तुमच्या लेकाने मनाने केव्हाच घरी आणलंय आणि रोज जेवताना तोच विषय निघतो. ‘मी सगळं करीन, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही!’ आठ-नऊ वर्षांचं मूल हे वचन अगदी मनापासून देतं. कौतुकाने ऐका, पण त्या वचनावर विसंबून मांजर आणू नका.

घरात नीट जपलेलं मांजर १२ ते १५ वर्षं सहज जगतं. आज तिसरीत असलेली लेक शिकायला परगावी जाईल, तेव्हाही माऊ तुमच्याच सोफ्यावर पसरलेली असेल. हट्ट मुलांचा असला, तरी मांजर मोठ्यांचंच असतं. त्याचं खाणं, औषधपाणी, सुट्टीत गावाला जाताना त्याची सोय, हे सगळं शेवटी तुमच्याकडेच येणार. नवरा-बायकोने आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनीही आधी बसून हे कबूल करावं. सगळ्यांचा होकार असेल, तरच पुढे जावं.

पिल्लू आणायची घाई मात्र नको. डोळे उघडले, दुडुदुडु चालायला लागलं, की उचललं, असं करू नका. निदान आठ आठवडे त्याला आईजवळ राहू द्या. भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे ते तिथेच शिकतं. ते न शिकलेलं पिल्लू पुढे तुमच्या मुलांच्या हातावर दात आजमावतं.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे दूध-पोळीचा मोठा भरवसा. गावाकडची मांजरं दूधभातावर जगलेली आपण पाहिली आहेत. पण ती रात्री उंदीर, पाली, पाखरं मारून आपली कसर भरून काढत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती सोय नाही. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो आणि तो कमी पडला, तर डोळे आणि हृदय दुखावतं. गाईचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. घर शाकाहारी असेल, तर चांगलं तयार कॅट फूड आणायला मन राजी आहे का, हे आधीच ठरवा. कांदा-लसणाचं उरलंसुरलं, चॉकलेट, द्राक्षं देऊ नका. पुष्पगुच्छातल्या लिलीचे परागकण चाटले, तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. आणि ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल तर चिमूटभरही नको. मांजराला ती विष आहे.

पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच पशुवैद्याकडे जाऊन या. जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणाऱ्या लशी, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, हे वेळापत्रक तेच लिहून देतील. नसबंदीचाही विषय तेव्हाच काढा. मांजरी पाचव्या महिन्यातसुद्धा माजावर येऊ शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. ‘अजून लहान आहे’ म्हणता म्हणता घरात चार पिल्लं होतात. बाल्कनीला आणि खिडक्यांना मांजर येण्याआधी जाळी लावून घ्या. कबुतरामागे झेपावलेलं मांजर पायावरच पडतं, या समजुतीवर त्याचा जीव टांगू नका.

आता थोडं मुलांविषयी, कारण खरी गंमत इथेच आहे.

पिल्लू घरी येतं आणि पलंगाखाली जाऊन बसतं. मुलाने मित्रांना बोलावलेलं असतं, तुम्ही मोबाइल घेऊन तयार असता. अशा वेळी त्याला ओढून बाहेर काढू नका. एका खोलीत पाणी, खाणं आणि लांबच्या कोपऱ्यात शी-शूसाठी लिटरचा ट्रे ठेवा आणि त्याला त्याच्या मनाने बाहेर येऊ द्या. दोन दिवस लागोत, नाहीतर आठवडा. मात्र दिवसभर त्याने अन्नाला तोंडच लावलं नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

माझ्या भाचीच्या घरी खारी नावाची मांजर आहे. भाची जमिनीवर मांडी घालून बसते आणि एक बोट खारीच्या नाकाच्या उंचीवर धरते. खारी येते, बोट हुंगते. तिने गाल घासला, तर हनुवटीखाली खाजवायचं. तोंड फिरवलं, तर हात मागे घ्यायचा. खाजवतानाही भाचीचं लक्ष शेपटीकडे असतं. शेपटी सपासप आपटायला लागली, कान मागे गेले, पाठीवरची कातडी थरथरली, की ‘बास, नको म्हणतेय’ असं स्वतःशीच म्हणून ती उठते. सात वर्षांच्या पोरीला हे जमतं, कारण तिच्या आईने पहिल्या दिवसापासून मांजराची बाजू घेतली.

आपण बहुतेक वेळा उलट वागतो. मांजर सुटायला धडपडत असतं आणि आपण म्हणतो, ‘घाबरू नकोस रे, नीट धर, फोटो काढते.’ मग ओरखडा उठतो आणि मांजर दुष्ट ठरतं. थोडा विचार करा. मुलांच्या बाबतीतही आपण हेच करतो. मूल अंग चोरत असतं आणि आपण त्याला ‘काकांना पापी दे’ म्हणून पुढे ढकलतो. त्याचा नकार ऐकला जात नाही, मग दुसऱ्याचा नकार ऐकायला ते शिकणार कुठून? लेकाला मित्राचा, बहिणीचा, पुढे जोडीदाराचा ‘नको’ एका शब्दात कळावा असं वाटत असेल, तर सुरुवात घरातल्या मांजरापासून करा. मांजर भिडेखातर ‘हो’ म्हणत नाही.

कामं वाटून द्या, पण वयाप्रमाणे. पाच वर्षांचं मूल पाण्याची वाटी भरू शकतं, दहा वर्षांचं मूल खाणं मोजून घालू शकतं आणि केस विंचरू शकतं. ट्रे रोज साफ करायचं काम मोठ्यांनी करावं. घरात कोणी गरोदर असेल, तर तिने ते करू नये, कारण शिळ्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो. काम विसरल्याची शिक्षा म्हणून ‘आता देऊनच टाकते मांजर’ अशी धमकी कधीही देऊ नका. नकोसं झालं की घरातलं कोणी काढून टाकता येतं, असा त्याचा अर्थ मुलं लावतात.

मांजर चावलं किंवा त्याने रक्त निघेल इतकं ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद भरून बसू नका. आणि मुलांना बजावून ठेवा, की ओरखडा लपवायचा नाही, त्यासाठी कोणी रागावणार नाही.

शेवटचं एक. हौस फिटल्यावर मांजर पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून देणारी सुशिक्षित घरं कमी नाहीत. ‘तिथे त्याला भरपूर खायला मिळेल’ अशी मनाची समजूत ती घालतात. घरात वाढलेल्या मांजराला तिथली भांडणं आणि कुत्री झेपत नाहीत. पाळलेल्या प्राण्याला असं उपाशी मरायला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचं मूल ते बघत असतं. तेव्हा जमणार नसेल, तर आजच ‘नाही’ म्हणा. मूल रडेल, चार दिवस रुसेल आणि पार्किंगमधल्या पिल्लांना तुमच्यासोबत खाऊ घालायला जाईल. तेही चांगलंच आहे. आणि ‘हो’ म्हणणार असाल, तर ते माऊच्या शेवटच्या दिवसापर्यंतचं ‘हो’ असू द्या.