सल्ल्याचे पैसे घेतो, त्याला पावती मागा

कर्ज काढणे हा गुन्हा नाही. बी-बियाणे, बैल, विहीर, दवाखाना, मुलांचे शिक्षण यांसाठी माणसाला कर्ज काढावे लागते. मग एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो. हप्ता थकतो. व्याज चढत जाते. रात्री झोप लागत नाही. अशा वेळी माणूस कोणाचाही सल्ला ऐकायला तयार होतो.

हीच वेळ साधून काही लोक गावात येतात. ते म्हणतात, "कर्जातून सोडवतो. फक्त माझी फी द्या." अशा एका माणसाविषयी प्रौढांच्या वर्गात आबा आणि बाई यांचे बोलणे झाले. ते वाचा.

आबा : बाई, त्यो गडी म्हनला, पाच हजार द्या, बँकेचं निम्मं कर्ज माफ करून आनतो.

बाई : मग आबा, पैसे दिले का तुम्ही?

आबा : दोन हजार दिले. बाकीचे सुगीला देतो म्हनलो.

बाई : पावती घेतली?

आबा : पावती कशापायी? मानूस चांगला वाटला. कोऱ्या कागदावर माझी सही घेतली त्यानं. आन् म्हनला, आता हप्ता भरू नका.

बाई : आबा, कर्ज बँकेचं. सूट द्यायची तर बँकच देईल, आणि ती लेखी देईल. या माणसाला तो अधिकार कोणी दिला?

आबा : हे मला सुचलंच न्हाई बघा. आता काय करावं?

आबांना पडलेला प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

सल्ला फुकट मिळतो

कर्जाविषयी सल्ला हवा असेल तर आधी आपल्या बँकेत जा. बँकांनी वित्तीय साक्षरता केंद्रे चालवली आहेत. आपल्या जिल्ह्यातले केंद्र कोठे आहे, हे बँकेत विचारा. तेथे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. दुष्काळ पडला, अतिवृष्टी झाली, तर फेडीची मुदत वाढवून मिळावी असा अर्ज बँकेला करता येतो. तो अर्ज आपण स्वतः लिहू शकतो. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

हप्ता भरू नका, असे कोणी सांगितले तर सावध व्हा. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते, तीही हातची जाते. पुढे नवे कर्ज मिळणे कठीण होते.

पैसे दिले की तुम्ही ग्राहक

दुकानातून साखर घेतो तेव्हा आपण ग्राहक असतो. पैसे देऊन सल्ला घेतो तेव्हाही आपण ग्राहकच असतो. आपल्या देशात ग्राहकांसाठी पहिला कायदा 1986 साली झाला. आताचा कायदा 2019 सालचा आहे. तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. थोडे पैसे दिले आणि बाकीचे देण्याचे कबूल केले, तरीही कायद्याने तुम्ही ग्राहक ठरता. म्हणजे आबासुद्धा ग्राहक आहेत.

सेवेचे पैसे घेऊन पावती न देणे ही या कायद्याने अनुचित प्रथा आहे. म्हणून पावती मागताना संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.

हा हक्क आजचा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्या उठावात कर्जाचे कागद आणि वह्या जाळल्या गेल्या. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. फेडलेल्या पैशांची लेखी पावती मागण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला. आज कागद जाळायची गरज नाही. कागद वाचायचा, आणि आपलाही एक कागद जवळ ठेवायचा.

तक्रार कशी करावी

पहिले काम. पुरावा गोळा करा. पावती नसेल तर त्या माणसाचे छापील कार्ड, मोबाइलवरचे निरोप, मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद, पैसे देताना हजर असलेला साक्षीदार, हे सारे उपयोगी पडते.

दुसरे काम. बँकेला लेखी कळवा की, हा माणूस माझ्या वतीने काही करणार नाही. अर्जाच्या नकलेवर बँकेचा शिक्का घ्या.

तिसरे काम. त्या माणसाला पत्र लिहा. ते स्पीड पोस्टाने पाठवा. नक्कल आणि टपालाची पावती सांभाळा. पत्र असे लिहावे :

"तारीख ........ रोजी तुम्ही माझ्याकडून कर्जाच्या सल्ल्याबद्दल रुपये ........ घेतले. पावती दिली नाही. सांगितलेले कामही केले नाही. माझे पैसे आणि माझ्या सहीचा कोरा कागद 15 दिवसांत परत करावा. नाही तर मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. सही ........"

चौथे काम. उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. कसे करावे हे कळत नसेल तर 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर विचारा. कोऱ्या कागदाचा गैरवापर झाला, किंवा खोटे बोलून फसवल्याचे दिसले, तर पोलीस ठाण्यातही तक्रार द्या.

कोणाची तक्रार कोठे

तक्रार राष्ट्रीयीकृत बँकेविषयी असेल तर आधी बँकेकडेच लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथेही फी नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

महाराष्ट्रात सावकारीचा कायदा 2014 साली झाला. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे. सावकाराविषयी किंवा गावच्या विकास सोसायटीविषयी तक्रार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कचेरीत द्यावी.

ध्यानात ठेवा

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.
कोरा धनादेश देऊ नका. मोबाइलवर आलेला गुप्त आकडा कोणाला सांगू नका.
जे वाचले नाही, त्यावर सही नाही.
ज्याची पावती नाही, त्याला पैसा नाही.

आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी म्हण आहे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आपले पीठ आपण राखा.

सांगा पाहू

1. आबांच्या कोणत्या तीन चुका झाल्या?
2. कर्जाचा सल्ला फुकट कोठे मिळतो?
3. वरचे पत्र तारीख, रक्कम आणि सही घालून आपल्या वहीत लिहा.