चपलेत खडा नाही, मग बोचतं काय?

प्रश्न : आईला आठ वर्षांपासून आमवात आहे. गोळ्यांनी हातांची सूज उतरली, रिपोर्टही बरे येतात. डॉक्टर म्हणतात, आजार आटोक्यात आहे. पण सकाळी पाय टेकवला की ती कळवळते. ‘चपलेत खडे गेलेत’ म्हणून चप्पल झटकते, तर आत काही नसतं. भातलावणीत चिखलात उभी राहते, बांधावर आली की रडकुंडीला येते. यंदा लेण्याद्रीलाही आली नाही. पावलाची वेगळी तपासणी असते का?
— एक वाचक, आपटाळे (ता. जुन्नर)

उत्तर : असते. आणि डॉक्टर व आई, दोघंही खरं बोलत असतील.

आमवात किती आटोक्यात आहे हे ठरवायला जगभर २८ सांधे मोजायची पद्धत रूढ आहे. त्यात दोन्ही हातांच्या बोटांचे मिळून २० आणि मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे यांचे ८. हिशेब गुडघ्यापाशी संपतो. घोटा नाही, पाऊल नाही. पावलातली सूज बोटांनी चाचपून कळणं अवघड, शिवाय तिथे झिजेचंही दुखणं असतं, म्हणून ही सोय. पण हाच आजार चवड्याच्या सांध्यांत धुमसत राहिला, तरी आकडा छान येऊ शकतो.

खड्यांचं म्हणाल, तर आईचं वर्णन पुस्तकात शोभेल इतकं अचूक आहे. चवड्याचे सांधे सुजून सैल पडले की बोटं वर ओढली जातात, तळव्याची मऊ गादी पुढे सरकते आणि हाडांची टोकं थेट जमिनीवर टेकतात. त्या जागी घट्टे पडतात. चिखल पावलाच्या आकाराप्रमाणे दबतो, भार पसरतो. बांध दबत नाही.

तपासणी साधी आहे. चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच आवळायचा. कळ आली तर आतल्या सांध्यांवर संशय घ्यायचा. भिंतीला हात टेकून एका पायावर टाच उचलायला सांगायचं. उचलता येत नसेल, तर कमान सावरणारा घोट्याजवळचा स्नायुबंध थकला असावा. मग चालायला सांगून मागून पाहायचं. आणि चप्पल! माझ्या मावशीची चप्पल एकदा उलटी करून पाहिली, तर टाच जवळजवळ कोरी आणि चवड्याखाली नाण्याएवढा खळगा. आपल्याकडे दवाखान्यात चपला दाराबाहेर राहतात, म्हणजे निम्मा पुरावा बाहेरच.

दुखण्याने काय काय अडतं हे मोजायला प्रश्नावल्याही आहेत. सर्वांत जुन्यांपैकी एक, ‘फूट फंक्शन इंडेक्स’, १९९१ साली अमेरिकेत आमवाताच्याच रुग्णांवर पारखून प्रसिद्ध झाली. वेदना, अडचण आणि बंद पडलेली कामं असे तिचे तीन भाग, एकूण २३ प्रश्न. तिच्या सोप्या रूपात प्रत्येकाला ० ते १० गुण. जो प्रश्न लागू नाही, तो सोडून द्यायचा. समजा, आईने २० प्रश्नांना मिळून ९० गुण दिले, तर २०० पैकी ९०, म्हणजे शंभरात ४५. आकडा जितका मोठा, तितका त्रास जास्त. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. तीन महिन्यांनी तो कुठे सरकला, ते पाहायचं.

माझी एक तक्रार आहे. या प्रश्नावलीत बूट आहेत, जिने आहेत. उकिडवं बसणं नाही, बांध नाही, ओल्या पायवाटेवरून डोक्यावर भारा घेऊन उतरणं नाही. तेव्हा आईचे चार-पाच प्रश्न तुम्हीच वहीत लिहा आणि दर महिन्याला गुण मांडा.

हा आजार दुर्मीळही नाही. आपल्याच जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर पाहणी केली. त्यात दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला.

पुढचं काम डॉक्टरांचं : पावलाचा एक्स-रे, गरज पडली तर सोनोग्राफी, आणि सूज जिवंत असेल तर औषधाचा फेरविचार. गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका. चप्पल रुंद चवड्याची, मागे पट्टा असलेली, जाड मऊ तळाची हवी. अंगठ्याची चप्पल आता नको. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेल्या एमसीआर रबराच्या चपला यासाठीही कामाला येतात. घट्टे ब्लेडने कापायचे नाहीत. आमवाताची बरीच औषधं प्रतिकारशक्ती कमी करतात, त्यामुळे लावणीत पायाला जखम झाली तर हळद लावून वाट पाहत बसू नका.

पुढच्या भेटीला चप्पल पिशवीत घालून आत न्या आणि टेबलावर नको, पण डॉक्टरांच्या नजरेसमोर ठेवा. लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरताना सगळा भार चवड्यावर येतो, म्हणून यंदा आई आली नाही ते बरंच झालं. तोवर ओझरचा गणपती आहे. तिथे डोंगर चढायचा नाही.