पाडता पाडता राहिलेलं घर

मागच्या सेमिस्टरला वर्कशॉपमागची स्टोअररूम रिकामी करायचं काम आम्हा चौघींवर आलं. तुटकी स्टुलं, गंजलेले मीटर, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, हाताने लिहिलेली दोन जाड रजिस्टरं. "हे कशाला ठेवायचं?" असं मीच म्हटलं आणि कागद सगळे रद्दीत गेले. दोन महिन्यांनी लॅबमधलं एक जुनं मशीन बंद पडलं. मामांनी विचारलं, "त्याच्या वायरिंगचं ड्रॉइंग स्टोअरमध्ये होतं, बघितलं का गं कोणी?" मी काहीच बोलले नाही.

हा लेख त्या गप्प बसण्यातून आलाय. जुनं काय जपायचं, का जपायचं आणि कसं, हे मला एका घराच्या गोष्टीतून कळलं. ते घर म्हणजे इंग्लंडमधलं ब्लेचली पार्क.

बंगला आणि लाकडी खोपट्या

लंडनपासून साधारण ८० कि.मी. वर ब्लेचली हे गाव आहे. १८८३ मध्ये हर्बर्ट लिऑन या श्रीमंत गृहस्थाने तिथली इस्टेट घेतली आणि घर वाढवत नेलं. कुठे गॉथिक, कुठे ट्यूडर, कुठे डच पद्धत. जाणकारांनी नाक मुरडावं असा सगळा मामला!

१९३८ मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख ॲडमिरल ह्यू सिंक्लेअर यांनी तो विकत घेतला. सौंदर्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. लंडनवर बाँब पडले तरी जागा सुरक्षित राहील आणि स्टेशन जवळ आहे, एवढंच त्यांनी पाहिलं. रेल्वेने लंडनही गाठता येई, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजही.

युद्ध सुरू झालं आणि माणसं बंगल्यात मावेनात. मग आवारात लाकडी खोपट्या उभ्या राहिल्या. त्यांना 'हट' म्हणत आणि प्रत्येकीला नंबर होता. हट ६ मध्ये जर्मन सैन्याचे आणि हवाई दलाचे एनिग्मा यंत्रावरचे संदेश उलगडायचे आणि शेजारच्या हट ३ मध्ये त्यांचं भाषांतर व्हायचं. कागद इकडून तिकडे पाठवायला दोन्हींच्या मध्ये एक छोटा लाकडी बोगदा होता. कागदाचा ट्रे त्यातून झाडूच्या दांड्याने ढकलत. शेवटी शेवटी इथे सुमारे ९,००० माणसं होती आणि त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया.

आपण इंजिनिअर लोक इथे एक घोळ नेहमी करतो. कोलॉसस या यंत्राने एनिग्मा फोडलं असं सांगतो. ते चूक आहे. एनिग्मासाठी 'बाँब' नावाचं विद्युत-यांत्रिक यंत्र होतं. पोलंडच्या गणितज्ञांनी आधी केलेल्या कामाच्या पायावर ॲलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी ते उभं केलं. कोलॉसस होतं लॉरेन्झ नावाच्या वेगळ्या आणि जास्त अवघड यंत्रासाठी. ते बनवलं पोस्ट खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरने. त्यात दीड हजारांहून जास्त व्हॉल्व्ह होते. एवढे व्हॉल्व्ह टिकणारच नाहीत असं लोक म्हणत. फ्लॉवर्सना अनुभवाने ठाऊक होतं की व्हॉल्व्ह जातात ते बंद-चालू करताना, म्हणून सतत चालू ठेवायचे. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते कामाला लागलं.

गुप्ततेने वाचवलं, गुप्ततेनेच घालवलं

युद्ध संपल्यावर हुकूम आला की यातलं काही बाहेर जाता कामा नये. दहा कोलॉससपैकी आठ मोडून टाकली. उरलेली दोनही पुढे गेली. फ्लॉवर्सना आपली ड्रॉइंग्ज भट्टीत जाळावी लागली. इथे काम केलेल्यांनी घरीसुद्धा तोंड उघडलं नाही. १९७४ मध्ये विंटरबॉथम यांचं पुस्तक आलं तेव्हा कुठे सगळ्यांना या कामाची कल्पना आली.

तोवर आवारात ट्रेनिंगचे वर्ग भरत, शिक्षकांचं कॉलेज चाले. १९९० च्या सुमारास जागा बहुतेक रिकामी झाली आणि इमारती पाडून नवीन वसाहत करायचा विचार सुरू झाला. पाडणाऱ्यांना तरी दोष कसा द्यायचा? ज्या घरात काय घडलं हेच कोणाला सांगितलेलं नाही, ते फक्त एक जुना बंगला आणि कुजक्या खोपट्या.

ऑक्टोबर १९९१ मध्ये गावातल्या इतिहासप्रेमींनी जुन्या कामगारांना निरोपाच्या समारंभाला बोलावलं. सुमारे चारशे माणसं आली आणि बोलू लागली. ऐकणाऱ्यांचा बेतच बदलला. फेब्रुवारी १९९२ मध्ये नगरपालिकेने परिसर संरक्षित ठरवला आणि ट्रस्ट स्थापन झाला. तरी पैशाची चणचण गेली नाही. २००८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ स्यू ब्लॅक यांच्या पुढाकाराने जवळजवळ शंभर तज्ज्ञांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून मदत मागितली. २०१४ मध्ये सुमारे ८० लाख पौंडांच्या कामानंतर हट ३ आणि हट ६ पुन्हा लोकांना पाहता आल्या. पाडायला काढलेल्या याच जागी नोव्हेंबर २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेवर जागतिक परिषद भरली.

दुरुस्ती म्हणजे काय?

कोलॉससचं काय झालं? टोनी सेल यांनी १९९३ पासून ते पुन्हा बांधायला घेतलं. हाताशी होते १९४५ चे आठ फोटो, काही इंजिनिअरांनी नियम मोडून जपलेले सर्किटचे तुकडे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी. काम पूर्ण व्हायला २००७ साल उजाडलं. जाळायला एक दिवसही लागला नसेल, परत उभारायला चौदा वर्षं लागली. आणि ते 'नव्याने बांधलेलं' आहे असं तिथे उघड सांगतात, मूळ यंत्र म्हणून खपवत नाहीत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हट ६ च्या छतातली. २०१३ मध्ये दुरुस्ती करताना तिथे चुरगाळलेले कागद सापडले. नष्ट करायचे ते कागद थंडी आणि वारा अडवायला कोणीतरी फटीत कोंबले होते. त्यांत ट्युरिंगच्या पद्धतीत वापरले जाणारे 'बॅनबरी' तक्तेही निघाले. खोपटी पाडून तशीच हुबेहूब नवी बांधली असती, तर दिसायला छान झाली असती, पण हे कागद मलब्याबरोबर गेले असते. म्हणून जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत आधी उघडून बघायचं, नोंद करायची, जेवढं टिकतं तेवढं ठेवायचं आणि मगच नवीन लाकूड लावायचं.

वास्तू सुंदर असते म्हणूनच जपायची असं नाही. तिथे जे घडलं त्याचा पुरावा तिच्यात असतो, म्हणून जपायची. आणि माहिती असलेली माणसं आहेत तोवर विचारून घ्यायचं.

हे वाचून झाल्यावर मी मामांकडे गेले आणि रद्दी मीच टाकली हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वही आण." दोन संध्याकाळी बसून त्यांनी आठवेल तसं वायरिंग सांगितलं, मी काढलं. जिथे त्यांना खात्री नव्हती तिथे मी प्रश्नचिन्ह टाकलंय. एकूण सात प्रश्नचिन्हं आहेत. ती फाईल लॅबच्या कपाटात आहे. कोणी साफसफाई करायला गेलात तर कृपया टाकू नका.