कोणता खेळ विकत घ्यावा?

खानदेशांत आखाजीचा सण जवळ आला म्हणजे माहेरवाशिणींचीं झोक्यावरचीं गाणीं जशीं ऐकूं येऊं लागतात, तसेच पाराच्या सावलीस पत्त्यांचे डावही मांडले जातात. 'सणापुरता डाव' असें म्हणून पुष्कळ शहाणीं माणसेंही त्यांत बसतात. आणि सण संपल्यावरही न उठणारीं माणसें गावोगांवीं दोनचार तरी निघतातच. खेळापासून सुख किती व हानि किती, हा प्रश्न आपल्या प्रांतास नवा नाहीं. नवें एवढेंच कीं, आतां डाव पारावर न मांडतां खिशांतल्या मोबाईलमध्यें मांडला जातो, आणि तेथून उठविण्यास वडीलधारें माणूस जवळ नसतें.

विद्यार्थी मित्रहो, गेल्या वर्षीं सुट्टी लागण्यापूर्वीं रावेर तालुक्यांतील एक केळीबागाइतदार आपल्या मुलास घेऊन जळगांवीं आमच्या घरीं आले. मुलगा नववींतला, आमच्याच वर्गांतला. वडिलांच्या मोबाईलवर तो नेमबाजीचा एक खेळ खेळत असे. खेळ फुकट होता; परंतु त्यांत बंद पेट्या विकत मिळत, आणि पेटींत काय निघेल तें ती उघडल्यावांचून कळत नसे. कधीं दहा, कधीं वीस, असें करतां करतां पांच आठवड्यांत अठराशें रुपये गेले. ते पैसे केळीच्या खतासाठीं ठेवलेले होते. आम्हांस वाटलें, आतां हे गृहस्थ मुलास शिक्षा करावयास सांगणार. पण ते म्हणाले, "सर, याला नाहीं म्हणायला मला येतें. पण हो कशाला म्हणावें, तें तुम्ही सांगा."

या प्रश्नानें आम्ही खजील झालों. त्याच मुलानें चार महिन्यांपूर्वीं मधल्या सुट्टींत आम्हांस विचारलें होतें, "सर, सगळेच गेम वाईट असतात का?" आणि "अभ्यास कर" एवढेंच उत्तर देऊन आम्हीं त्यास वाटेस लावलें होतें. जो शिक्षक सर्वच पुस्तकें वाईट म्हणतो, त्याला कोणतें पुस्तक वाचावें असें विद्यार्थी पुन्हां विचारीत नाहीं. हातीं लागेल तें वाचतो. येथें तसेंच झालें होतें. म्हणून आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली व स्वतः या विषयाचा अभ्यास केला. त्याचें सार येथें देत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, व्हिडिओ गेम हें एका खेळाचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें नांव आहे. १९७२ सालीं अमेरिकेंत अटारी कंपनीनें 'पाँग' हा खेळ काढला, तेव्हां पडद्यावर दोन रेघा व एक ठिपका एवढाच संसार होता. टेबल-टेनिसची ती नक्कल. पुढें या कुळाच्या अनेक शाखा झाल्या. खेळाचा प्रकार म्हणजे केवळ दुकानांतील पाटी नव्हे. खेळ आपल्या कोणत्या शक्तीस राबवितो, हें त्या प्रकारावरून समजतें.

नेमबाजीच्या व शर्यतीच्या खेळांत डोळा आणि हात यांची चपळाई लागते. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं रचलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा नेमबाजीच्या शाखेचा एक मूळपुरुष होय. अशा खेळांत विचारास सवड थोडी असते. मौज तात्काळ मिळते आणि तात्काळ विरतेही, म्हणून ती पुन्हां हवी होते.

कोड्यांच्या खेळांत आकार, क्रम व युक्ति यांचा कस लागतो. १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सेई पाजितनोव यांनीं रचलेला 'टेट्रिस' सर्व जगास ठाऊक आहे. चार चौकोनांचे तुकडे वरून खालीं येतात, ते फिरवून रांग भरावयाची, इतकाच त्याचा नियम. पण तो समजण्यास कोणतीही भाषा यावी लागत नाहीं.

डावपेचांच्या खेळांत पुढचा विचार करावा लागतो. सिड मायर यांचा १९९१ चा 'सिव्हिलायझेशन' हा त्यांतील नामांकित खेळ. त्यांत एका वसाहतीपासून साम्राज्य उभें करावयाचें असतें. ही शाखा बुद्धिबळाची नातच म्हणावी. ज्यास हाच गुण वाढवावयाचा आहे, त्यानें साधा बुद्धिबळाचा पट आधीं मांडून पहावा. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, ती याच चौसष्ट घरांवर.

बांधणीच्या व कारभाराच्या खेळांत शत्रूस मारावयाचें नसतें, कांहीं उभें करावयाचें असतें. विल राइट यांच्या १९८९ च्या 'सिमसिटी'मध्यें खेळणारा नगर वसवितो. रस्ते, वीज, कर यांचा मेळ त्यास घालावा लागतो. २०१६ सालीं एरिक बॅरोन या तरुण अमेरिकनानें एकट्यानें, चित्रें व संगीत यांसह, रचलेला 'स्टार्ड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ याच शाखेजवळचा.

साहसाच्या व कथेच्या खेळांत आपण एका पात्राच्या पावलांनीं गोष्टींतून चालतों. या प्रकारांत आपल्या महाराष्ट्राचेंही नांव आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास सोडविण्यासाठीं निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. तीन वर्षांपूर्वीं लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता; तरी त्या मंडळींनीं काम सोडलें नाहीं.

शाखा कळल्या म्हणजे निवड संपली असें मात्र नाहीं. एकाच शाखेंत गोड व कडू दोन्ही फळें लागतात. म्हणून पैसे देण्यापूर्वीं आपणांस पुढील पांच प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: पैसे एकदांच द्यावयाचे कीं वारंवार? फुकट म्हणविणारा खेळ पुष्कळदां सर्वांत महाग पडतो. त्यांतही नशिबाची पेटी असेल, तर तो आखाजीचा डाव समजावा. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें, पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाईन खेळ चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास मनाई केली. पेटींत रोख रक्कम निघत नाहीं, बंदुकीचा रंग किंवा शिपायाचा अंगरखा निघतो. म्हणून तिचें रूप निराळें दिसतें. परंतु बेल्जियमच्या जुगार-नियामक मंडळानें २०१८ सालीं कांहीं प्रसिद्ध खेळांतील विकतच्या पेट्या जुगारांतच मोडतात असा निर्णय दिला.

दुसरा प्रश्न: खेळ आपल्या वयाचा आहे का? युरोपांत २००३ पासून खेळांवर ३, ७, १२, १६ व १८ असे वयाचे आंकडे छापतात. हा आंकडा खेळ किती कठीण आहे हें सांगत नाहीं. त्यांतील मारामारी, भाषा व प्रसंग कोणत्या वयास झेपतील हें सांगतो.

तिसरा: आपल्या यंत्रावर तो चालेल का, आणि त्यास सदैव इंटरनेट लागतें का? चौथा: तो एकट्यानेंच खेळावयाचा, कीं भावंडांस बरोबर घेतां येतें? आणि पांचवा, जो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो: या खेळांतून उठतां येतें का? त्यांत विसाव्याची जागा आहे का, कीं उठणाऱ्यास तोटा होईल अशीच त्याची रचना आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादींत खेळाचें व्यसन हा विकार १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आला. त्याचीं लक्षणें तीन: खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांपेक्षां खेळास वरचें स्थान मिळणें, आणि हानि दिसत असूनही खेळत राहणें. हीं बहुधा वर्षभर दिसलीं तरच विकार म्हणावयाचा. सुट्टींत एक दिवस जास्त खेळणारा मुलगा रोगी नव्हे, हेंही पालकांनीं लक्षांत ठेवावें.

आतां त्या मुलाचें काय झालें तें सांगूं. आखाजीस त्याची आई धुळ्यास माहेरीं जाणार होती. तेथें मामेभावाकडे संगणक होता. दोघां भावांनीं मिळून नऊशें रुपये जमविले होते व पांच खेळांची यादी केली होती: एक शर्यतीचा, एक नेमबाजीचा, एक कोड्यांचा, एक राज्यविस्ताराचा आणि एक शेतीचा. आम्हीं निवड करून दिली नाहीं. पांच प्रश्न कागदावर लिहून दिले. नेमबाजीचा खेळ अठरा वर्षांवरील निघाला, तो गेला. शर्यतीचा खेळ मामांच्या जुन्या संगणकास झेपेना. राज्यविस्ताराच्या खेळाचे अर्धे भाग निराळे विकत घ्यावे लागत. उरले कोडें आणि शेती. भावांचें दोन दिवस भांडण चाललें व शेवटीं 'स्टार्ड्यू व्हॅली' ठरला. एकानें नांगरावें व दुसऱ्यानें हिशेब ठेवावा, अशी पाळी लागली. मामांनीं तो स्टीम नांवाच्या दुकानांतून घेऊन दिला. तेथें २०१५ पासून असा नियम आहे कीं, चौदा दिवसांच्या आंत व दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करतां येतो.

वडील प्रथम हंसले. "घरची केळी सोडून पडद्यावर शेती करणार काय?" असें त्यांनीं विचारलें. त्या खेळांत प्रत्येक ऋतु अठ्ठावीस दिवसांचा असतो, आणि फुलकोबी बारा दिवसांनीं तयार होते. मुलानें पहिल्या ऋतूच्या विसाव्या दिवशीं हातचे सर्व पैसे घालून फुलकोबी लावली. आठ दिवसांत ऋतु पालटला व सारें पीक मेलें. तेव्हां दोघे भाऊ वहीवर दिवस मोजूं लागले. धुळ्यास पोहोंचलेल्या वडिलांनीं ती वही पाहिली आणि मुलाजवळ बसून घरच्या केळीचा खर्च त्याच वहींत मांडून दाखविला. खताच्या रकान्यांत अठराशें रुपये लिहितांना मुलगा कांहीं बोलला नाहीं. वडीलही बोलले नाहींत.

येथें चांगला खेळ निर्दोष असतो असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या खेळांतील एक दिवस सुमारें चौदा मिनिटांत सरतो आणि दिवस संपला म्हणजेच खेळाची नोंद होते. उठण्याची ती उत्तम जागा. पण 'आणखी एकच दिवस' असें म्हणत दोघे भाऊ एका रात्रीं एक वाजेपर्यंत बसले, आणि मामांना वीज बंद करावी लागली. दुसऱ्या दिवसापासून रोज चार दिवस, अधिक नाहीं, असा नियम दोघांनीं आपणच केला. तो सुट्टीभर बहुतेक पाळला गेला; कांहीं वेळां मोडला, तेंही मुलानें आम्हांस सांगितलें.

पूर्वीं त्यानें हें आम्हांस सांगितलें नसतें. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही विचारीत चला. खेळ तुम्हीं विकत घ्यावा. खेळानें तुम्हांस विकत घेऊं नये. आणि आम्हां शिक्षकांपैकीं कोणी उत्तर टाळलें, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारा.